खारीची पाठ आणि काम्बोजांचे नजराणे : कृंतकांची लव व भारतीय साहित्यस्मृती

१

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरच्या किनाऱ्यावर समुद्राच्या कडेने मोठमोठ्या दगडांचे बांध घातलेले दिसतात. त्यांचा इतिहास फार जुना नाही. १८७५ नंतर मद्रास बंदराचे बांध समुद्रात शिरले आणि चोळमंडल किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांच्यापाशी अडली. दक्षिणेला ती साठून मरीनाचा किनारा रुंदावला. उत्तरेला रोयापुरमपासून एन्नोरपर्यंतचा किनारा मात्र वाळूला वंचित होऊन झिजत गेला. तो राखण्यासाठी पुढे दगड टाकावे लागले. दगड पुष्कळ आहेत आणि वाळू नाही, अशी ही अवस्था आहे.

सेतुबंधनाची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला या दृश्यापाशी एका लहानशा प्राण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वानर शिळा आणीत होते आणि खार अंगावरून वाळू आणीत होती. एन्नोर हे सेतूचे स्थळ नव्हे. ते स्थळ याच किनाऱ्यावर बरेच दक्षिणेला आहे. परंतु दगड आणि वाळू यांच्या नात्याचा विचार करायला लावणारे ते स्थळ आहे, आणि प्रस्तुत निबंधाचा विषयही तेथूनच सुरू होतो. खारीने वाळू आणली ती हातांनी नव्हे, तोंडानेही नव्हे. ती आणली अंगावरच्या लवेने. कृंतक प्राणी आणि त्यांची लव यांचा संबंध आपल्या वाङ्मयात कसा नोंदवला गेला, कोठे टिकला आणि कोठे पुसला गेला, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. उंदीर, घूस, खार, साळिंदर इत्यादी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणाला मराठी शास्त्रीय परिभाषेत 'कृंतक' म्हणतात. 'फर' या वस्तूला मात्र मराठीत स्वतःचा रूढ शब्द नाही. 'लोकर' म्हटले की मेंढी येते. 'लव' हा शब्द गालावरच्या किंवा पानावरच्या कोवळ्या केसांना लागतो. 'कातडे' म्हटले की केस बाजूला पडतात. केसांसह कमावलेले मऊ कातडे, ही वस्तूच उष्ण प्रदेशात राहणाऱ्या समाजाला अंगावर घालण्यासाठी लागली नाही. म्हणून इंग्रजी राजवटीत ती 'फर' याच नावाने मराठीत आली आणि तशीच राहिली.

याचा अर्थ, फरचा विचारच आपल्या परंपरेत नाही, असा होत नाही. तो दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या रूपांत आढळतो. उत्तरेकडून आलेल्या करभाराच्या आणि कोशागाराच्या याद्यांत फर आहे. तेथे ती प्राण्यापासून सुटलेली वस्तू आहे. दक्षिणेच्या भक्तिकाव्यात आणि लोककथेत फर आहे. तेथे ती जिवंत प्राण्याच्या पाठीवर आहे. या दोन रूपांची साहित्यातील गती सारखी नाही, हे आमचे मुख्य प्रतिपादन आहे.

३

सेतू बांधणाऱ्या खारीची कथा वाल्मीकिरामायणात नाही. तिचा एक जुना साहित्यिक उल्लेख तमिळ वैष्णव परंपरेत मिळतो. तोंडरडिप्पोडी आळवार हे बारा आळवारांपैकी एक होत. त्यांचा काळ सामान्यतः आठवे-नववे शतक मानला जातो. त्यांच्या 'तिरुमालै' या पंचेचाळीस पद्यांच्या रचनेत एका पद्यात वानर डोंगर लोटीत असता पाण्यात बुडी मारून, लोळून धावणाऱ्या निष्कपट खारींचे चित्र येते. कवी म्हणतो, की त्या खारींइतकेही आपल्या हातून झाले नाही. आपले मन लाकडासारखे कठीण राहिले.

या पद्यातील क्रियांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी भिजणे, मग लोळणे, मग धावणे. कोरड्या केसांना वाळू फारशी चिकटत नाही. ओल्या केसांना चिकटते. कवीने खारीच्या देहाचे निरीक्षण केले आहे आणि तिची सेवा त्या देहाच्या धर्मातून उभी केली आहे. ज्याला शिळा उचलता येत नाही त्याच्याजवळ द्यायला काय उरते, या प्रश्नाचे उत्तर येथे 'अंगावरची लव' असे आहे. आणि कवीच्या मनाची उपमा लाकडाची आहे. लाकूड कठीण असते आणि लव मऊ. मृदू केसांना वाळू धरता आली, कठीण मनाला काहीच धरता आले नाही, असा विरोध त्या पद्यात आपोआप उभा राहतो.

रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली व तेथे पट्टे उमटले, हा कथेचा उत्तरार्ध या पद्यात नाही. तो लोककथेत आहे, आणि आज सर्वांना तोच प्रथम आठवतो. येथे प्राणिशास्त्राची थोडी मदत होते. दक्षिण भारत व श्रीलंका येथे आढळणारी खार पाठीवर तीन फिकट पट्टे असलेली आहे. लिनीअसने १७६६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. उत्तर व पश्चिम भारतात आढळणाऱ्या खारीला पाच पट्टे असतात. तिला स्वतंत्र जात म्हणून १९०५ मध्ये रॉटन यांनी नोंदवले, आणि तिचे मूळ नमुने सुरत भागातील मांडवी तालुक्यातले होते. महाराष्ट्रात दोन्ही जाती आढळतात. कथेत मात्र बहुधा तीनच बोटे सांगितली जातात. मराठी मुलाने अंगणातल्या खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजले आणि ते पाच भरले, तरी त्याची कथा तीनाचीच राहते. केवळ या हिशेबावरून कथेचे जन्मस्थान ठरवणे घाईचे होईल, कारण तीन ही संख्या लोककथेला अन्य कारणांनीही प्रिय असते. परंतु आळवारांचा उल्लेख आणि तीन पट्ट्यांची दाक्षिणात्य खार हे दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, एवढे म्हणता येईल.

ही कथा मराठी प्रदेशात येण्याच्या वाटा अनेक होत्या. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला मराठ्यांचे राज्य होते, हे सर्वविदित आहे. त्याहून व्यापक वाट यात्रेकरूंची होय. काशीचे गंगाजल रामेश्वरास वाहावे आणि सेतूची वाळू उत्तरेस नेऊन गंगेत सोडावी, असा काशी-रामेश्वर यात्रेचा परिपाठ आहे. या यात्रेकरूच्या गाठोड्यातली मूठभर वाळू आणि खारीच्या अंगावरची वाळू यांत फार अंतर नाही.

४

आता दुसऱ्या रूपाकडे वळू. ते पाहण्यासाठी किनारा सोडून उत्तरेच्या पर्वतांतून येणाऱ्या मालाच्या याद्या उघडल्या पाहिजेत.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोशात घेण्याच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगितली आहे. रत्ने, चंदन, अगुरू यांच्या जोडीला तेथे चामडी येतात. 'कान्तनावक', 'प्रैयक', 'बिसी', 'महाबिसी', 'सामूर' अशी त्यांची नावे असून रंग, रेघा, ठिपके आणि लांबी यांवरून त्यांची ओळख दिली आहे. यांतील 'सामूर' हे नाव फारसीतील 'समूर' या फरवाचक शब्दाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. उत्तम चामड्याचे लक्षण म्हणून मऊपणा, तुकतुकी आणि केसांची दाटी यांचा निर्देश येतो. म्हणजे ही केवळ चामडी नव्हेत, आजच्या अर्थाने फर होय.

त्यांतील एक तपशील विशेष बोलका आहे. पहिल्या दोन प्रकारांची लांबी आठ अंगुळे सांगितली आहे. आठ अंगुळे म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर. एवढे कातडे हरणाचे किंवा वाघाचे असू शकत नाही. ते हातावर मावणाऱ्या प्राण्याचे असले पाहिजे. तो खारीच्या जातीचा असेल किंवा मुंगसा-विजेसारखा लहान मांसाहारी असेल. ग्रंथ त्या प्राण्याविषयी काही सांगत नाही. कोशाध्यक्षाला प्राण्याशी कर्तव्य नव्हते, मालाशी होते.

याच अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात जिवंत उंदीर येतो, आणि तो महापूर, दुष्काळ, रोगराई यांच्या पंक्तीला आपत्ती म्हणून येतो. उंदरांचे भय उद्भवल्यास मांजरे व मुंगुसे सोडावीत, उंदीर मारून आणण्याचा कर बसवावा, असे उपाय तेथे आहेत. एकाच ग्रंथात लहान प्राण्याची मऊ कातडी कोशात आहे आणि लहान प्राणी स्वतः संकटांच्या प्रकरणात आहे. या दोन प्रकरणांमध्ये दुवा नाही. प्राणी आणि त्याची लव यांची वहीच वेगळी झाली आहे.

महाभारताच्या सभापर्वात हा वियोग आणखी पुढे जातो. राजसूय यज्ञाच्या वेळी युधिष्ठिराला आलेल्या नजराण्यांची यादी दुर्योधन धृतराष्ट्रासमोर वाचतो. मत्सराने भरलेल्या माणसाने केलेली ती मोजदाद आहे. म्हणूनच ती इतकी बारीक आहे. त्यात काम्बोजांच्या राजाने सोन्याने मढवलेली वस्त्रे आणि उत्तम अजिने दिली, असा उल्लेख येतो. प्रचलित पाठात या वस्त्रांची तीन विशेषणे आहेत : 'और्ण', 'बैल' आणि 'वार्षदंश'.

मराठी वाचकाला यांतील मधला शब्द हमखास चकवतो. येथे 'बैल' म्हणजे वृषभ नव्हे. 'बिल' म्हणजे बीळ. त्यावरून 'बैल', म्हणजे बिळात राहणाऱ्या प्राण्यांपासून झालेले. किसारी मोहन गांगुली यांच्या १८८३ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात कृंतक व इतर बीळवासी प्राण्यांच्या मऊ लवेची वस्त्रे, असाच अर्थ दिला आहे. हा प्रचलित पाठ ज्यांच्या 'भारतभावदीप' या टीकेबरोबर सर्वत्र पसरला, ते नीलकंठ चतुर्धर मराठी होते. गोदावरीकाठच्या कोपरगावचे हे घराणे; सतराव्या शतकात त्यांनी काशीत राहून टीका लिहिली. हिमालयापलीकडच्या फरची आठवण एका गोदाकाठच्या पंडिताच्या टीकेबरोबर घरोघर गेली, ही घटना तौलनिक अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही.

परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत, फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात, स्वीकृत पाठ निराळा आहे. तेथे 'और्ण' आणि 'बैल' यांच्या जागी 'ऐड' व 'चैल' हे शब्द आहेत. 'ऐड' म्हणजे मेंढीचे, 'चैल' म्हणजे वस्त्र. एक अक्षर बदलले आणि बिळातले प्राणी यादीतून नाहीसे झाले. च, व, ब या अक्षरांची हस्तलिखितांत होणारी गल्लत पाठचिकित्सकांच्या परिचयाची आहे. 'चैल' हा सोपा पाठ व 'बैल' हा अवघड पाठ, म्हणून अवघड तो जुना, असा युक्तिवाद कोणी करील. त्याला उत्तर हेच, की पाठनिर्णय हस्तलिखितांच्या साक्षीने होतो, आपल्या आवडीने नव्हे. आम्हांला येथे पाठनिर्णय करावयाचा नाही. एवढेच दाखवावयाचे आहे, की ज्या प्राण्याला ग्रंथात देह नाही, कृती नाही, कथा नाही, त्याचे अस्तित्व एका अक्षराच्या आधाराने टिकते आणि त्याच अक्षराबरोबर जाते.

गंमत अशी, की तो पूर्णपणे जातही नाही. 'वार्षदंश' हा शब्द दोन्ही पाठांत आहे. 'वृषदंश' म्हणजे मांजर. आणि पारंपरिक व्युत्पत्तीनुसार 'वृष' म्हणजे उंदीर, त्याला चावणारा तो वृषदंश. बीळवासी प्राणी पाठातून बाहेर पडला तरी मांजराच्या नावात उंदीर दबून राहिलाच.

५

त्याच सभापर्वात थोडे पुढे खस, कुणिंद, तंगण आदी लोकांनी आणलेल्या 'पिपीलिक' सोन्याचा उल्लेख आहे. हे सोने मुंग्यांनी उकरून काढलेले व द्रोणाच्या मापाने मोजलेले होते. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हेरोडोटसनेही भारताच्या उत्तर सीमेवरील मुंग्यांची कथा लिहिली आहे. त्याच्या मुंग्या कोल्ह्याहून मोठ्या व कुत्र्याहून लहान आहेत. बीळ करताना त्या सोनेमिश्रित वाळू वर टाकतात. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने आपण मुंगी पाहिली नाही, परंतु तिची पुष्कळ कातडी मॅसिडोनियन छावणीत आणलेली पाहिली व ती चित्त्याच्या कातड्यासारखी होती, असे नमूद केले. एरिअन आणि स्ट्रेबो यांच्यामुळे त्याचे हे विधान आपल्यापर्यंत पोहोचले.

मुंगीला केसाळ कातडे कसे असेल, हा प्रश्न अनेकांनी विचारला. फ्रेंच अभ्यासक मिशेल पेसेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यातील देवसाई पठारावरचा मार्मोट हाच हा प्राणी, असे मत मांडले. मार्मोट बीळ खणताना खालची माती वर फेकतो आणि त्या मातीत सोन्याचे कण सापडत, असे तेथील लोकांकडून त्यांनी ऐकले. हे मत सर्वमान्य झाले असे म्हणता येत नाही. ठिपकेदार कातड्यांचा तपशील मार्मोटला लागू पडत नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्मोट हा कृंतक आहे, एवढेच नव्हे तर तो खारीच्याच कुळातला आहे. पेसेल यांचे मत खरे असेल, तर भारतीय साहित्यातील दोन प्रसिद्ध लहान प्राणी, सोने देणारी 'मुंगी' आणि वाळू वाहणारी खार, हे एकमेकांचे भाऊबंद ठरतात. दोघेही वाळूच उकरतात किंवा वाहतात. उत्तरेतल्याने वाळूतून राजाला सोने दिले. त्याचे कातडे परक्या छावणीत गेले आणि त्याचे खरे नाव हरवले. दक्षिणेतलीने नुसती वाळू दिली. तिचे कातडे तिच्या अंगावर राहिले आणि नावही राहिले.

६

ही नामहानी भारतापुरती मर्यादित नाही. मध्ययुगीन युरोपात राजवस्त्रांना लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या 'अर्मिन' फरचे नाव 'आर्मेनियाचा उंदीर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, असे एक प्रतिष्ठित मत आहे. वास्तविक तो प्राणी उंदीर नव्हे, उंदीर खाणारा आहे. 'मार्मोट' हे नावही 'डोंगरी उंदीर' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आल्याचे बहुधा मानले जाते. दूरच्या प्रदेशातून फर आली, की तिच्या मूळ धन्याला कोणतातरी ओळखीचा बिळातला जीव कल्पून नाव द्यावयाचे, ही प्रवृत्ती संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिन्ही भाषांत दिसते.

पाठाच्या प्रश्नाला तर फ्रेंचमध्ये जवळजवळ जुळे उदाहरण आहे. शार्ल पेरो याने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंड्रेलाच्या कथेत काचेचा जोडा आहे. फ्रेंचमध्ये काच आणि खारीची फर या दोन्हींच्या शब्दांचा उच्चार एकच, 'व्हेर'. एकोणिसाव्या शतकात बाल्झाकने सुचवले, की मूळ जोडा खारीच्या फरचाच असला पाहिजे. लोककथांच्या बहुसंख्य अभ्यासकांनी ते मानलेले नाही, आणि पेरोची छापील संहिता काचेचीच आहे. काम्बोजांच्या यादीत असलेली फर संपादनाने गेली. सिंड्रेलाच्या पायात नसलेली फर टीकाकाराने आणली. दोन्हीकडे खार किंवा उंदीर स्वतः कोठेच नाही. वाद फक्त एका ध्वनीचा आहे.

जपानी गद्यातील सर्वांत जुनी मानली जाणारी कथा 'ताकेतोरी मोनोगातारी' ही याच मालिकेतले टोक आहे. तीत नायिका एका मंत्र्याकडे अग्निमूषकाच्या, म्हणजे आगीत न जळणाऱ्या उंदराच्या, फरचे वस्त्र मागते. पूर्वी भारतातील एका साधूने चीनमध्ये आणलेले म्हणून ते वस्त्र त्याला मोठी किंमत घेऊन विकले जाते, आणि आगीत टाकताच जळून जाते. अग्निमूषकाच्या या कल्पनेमागे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाची वार्ता असावी, असे मानतात. येथे तर प्राणी मुळातच नव्हता. फरसाठी तो निर्माण करावा लागला.

७

सुटी फर प्राण्याला विसरवते, हा नियम म्हणून मांडला तर त्याला एक सुंदर अपवादही सांगितला पाहिजे. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रकार बारीक रेषेसाठी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरीत. हजारो चित्रांतील पापण्या, मोत्यांच्या माळा, पानांच्या शिरा या केसांनी काढल्या आहेत, आणि चित्रांत खार नाही. परंतु सतराव्या शतकाच्या प्रारंभी रंगवलेले, अबुल हसन या चित्रकाराच्या नावे मानले जाणारे आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले एक चित्र आहे. त्यात शरदातल्या चिनारावर खारी खेळत आहेत आणि त्यांच्या अंगावरचा केसन् केस वेगळा दिसतो. तो कुंचला खारीच्याच केसांचा असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल, तर काढून घेतलेली लव निदान एकदा तरी पुन्हा खारीच्या अंगावर गेली.

मराठीत आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. देणगीच्या पावतीपासून सत्काराच्या उत्तरापर्यंत हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ 'अल्पसे साहाय्य' एवढाच उरला. त्यात विनय आहे; पण भिजणे, लोळणे आणि धावणे नाही. आळवारांच्या पद्यात खारीने जे दिले ते तिच्या संपत्तीतला लहान भाग नव्हता. तिच्याजवळ अंगावरच्या लवेखेरीज काहीच नव्हते आणि तीच तिने कामाला लावली. त्या अर्थाने खारीचा वाटा लहान नव्हे. तो संपूर्ण आहे. वाक्प्रचाराने वाटा ठेवला आणि लव गाळली. म्हणजे करभाराच्या याद्यांत प्राणी गेला व फर उरली, तर येथे प्राणी उरला व फर गेली. मात्र या दुसऱ्या विस्मरणाला एक उतारा आहे. खार अजून अंगणात येते, आणि तिच्या पाठीवरचे पट्टे दिसले की मूल प्रश्न विचारते. प्रश्न आला की कथा पुन्हा सांगावी लागते. काम्बोजांच्या वस्त्राला असा प्रश्न विचारणारे कोणी राहिले नाही.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात आपण शब्दांचे स्थलांतर आणि कथांचे साम्य पाहतो. त्याबरोबरच, कोणत्या जीवाचे काय घेऊन ते शब्द व त्या कथा उभ्या राहिल्या, हेही पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी कोशातील पाठ आणि अंगणातील प्राणी दोन्ही समोर ठेवावे लागतात. एन्नोरच्या किनाऱ्यावरील बांधांपाशी उभ्या राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. दगड कितीही मोठे रचले तरी किनारा शेवटी वाळूचा असतो, आणि वाळू कोणीतरी थोडीथोडी आणावी लागते.